सलीमच्या नावाची गाडी

६ मे

जेवताना आप्पांनी एकदम गाडीचं काढलं. जुनी मोपेड बंद पडल्यापासून ते टोस्ट-खारीचे डबे एसटीनं करमाडपर्यंत नेतात. चढता-उतरता खारीचा चुरा होतो, दुकानदार परत करतात. घरात रोज सकाळी चुराच खातोय आपण. आई म्हणाली, "आता चुऱ्याचंच दुकान टाका. त्यात तरी बरकत येईल."

ज्या भट्टीतून आप्पा माल उचलतात तिथले कारागीर जावेदभाई, त्यांच्या धाकट्या भावाची गाडी विकायची आहे. भाऊ, सलीम, मार्चमध्ये काविळीनं गेला. एसी दुरुस्तीची कामं करायचा. गाडीवर फायनान्स आहे, निम्मे हप्ते अजून राहिलेत.

"तू चल संगं," आप्पा म्हणाले. "मला त्या कागदातलं काय कळतंय?"

कागद म्हटलं की मी. शाळेत जायला लागले तेव्हापासून हेच. लाईटबिल, सातबारा, औषधाच्या बाटलीवरचं. घरात माझ्याआधी कोणी शिकलेलं नाही, त्यामुळं माझं चुकलं तर ते सांगणारंही कोणी नाही.

११ मे

शहागंजला जाऊन आलो. गाडी बोळात उभी, वर फुलाफुलांची चादर. जावेदभाईंनी चादर काढली, नीट घडी घालून आतल्या बाईच्या हातात दिली. काळी गाडी, स्वच्छ. टाकीवर ७८६ चं स्टिकर.

आरसी बघितली. मालक म्हणून सलीम, खाली फायनान्स कंपनीचं नाव. बोलणं असं झालं: थोडे पैसे आत्ता जावेदभाईंना, उरलेले हप्ते आपण फेडायचे. हप्ता सलीमच्या बँक खात्यातून आपोआप कापला जातो, तर आपण दर महिन्याला त्याच खात्यात पैसे टाकायचे. सगळे फिटले की गाडी आपल्या नावावर करून घ्यायची.

मी विचारलं, "फायनान्सवाल्यांना माहीत आहे का, ते... गेलेले?"

"नक्को बेटा," जावेदभाई म्हणाले. "पता चला तो दूसरे दिन गाडी खींच के ले जाते. मोहल्ले में दो घरों की ले गए."

कागद करू म्हटलं. नोटरीसमोर. ते माझ्याकडं बघत राहिले. "कागद पे दस्तखत किसकी लूँ? दस्तखत करनेवाला तो गया ना."

आप्पांनी माझा हात हळूच दाबला, म्हणजे पुरे.

१२ मे

कालचं राहिलं. सलीमच्या आईनं मला आत बोलावलं. पुरुष बाहेर, मी आत. सलीमची बायको नसरीन भिंतीला टेकून बसलेली. माझ्याच वयाची असेल. चार महिने दहा दिवस ती उंबऱ्याबाहेर जाणार नाही, परक्या पुरुषासमोर येणार नाही. इद्दत. जुलैत संपेल. मग बहुतेक माहेरी, अजिंठ्याला.

"तुम चलाओगे गाडी?" तिनं विचारलं.

नाही, आप्पा चालवतील म्हटलं.

"बारिश में पिछला ब्रेक थोड़ा लगता नहीं. अब्बा को बोलना." थोड्या वेळानं म्हणाली, "उनो कभी सुनतेच नहीं थे, जोर से चलाते."

मूल नाही. सरबत दिलं तिनं. मी नको नको म्हणत घेतलं.

१५ मे

गाडी आणली. कागद नाही, करार नाही. भट्टीच्या मालकासमोर आप्पांनी आणि जावेदभाईंनी हातावर हात ठेवला, तेवढाच व्यवहार. अख्ख्या खानदानात एक बी.कॉम. आणि गाडी घेतली हातावर हात ठेवून.

आप्पांना म्हटलं तर म्हणाले, "माणसं हायेत की. कागद काय माणसापेक्षा मोठाय व्हय?"

आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, टाकीला कुंकू लावलं. स्टिकर काढायचं का म्हणून शेजारच्या काकूंनी विचारलं. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दोघंबी राखतील."

झोप लागत नाही. उद्या पोलिसांनी अडवलं तर? सलीम कुठं आहे म्हणाले तर?

३ जून

पहिला हप्ता टाकला. मी कामाला आहे त्या दवाखान्यात, पेशंट नव्हते तेव्हा, काउंटरखाली फोन धरून. सलीमचा नंबर टाकला तर त्याचं नाव आलं, शेजारी गोल फोटो. गाडीवर बसलेला, हसतोय, गॉगल. पैसे पाठवू का, असं फोन विचारतो. मी किती तरी वेळ तशीच.

त्याचा फोन नसरीनकडं आहे, रिचार्जसुद्धा करते. पैसे जमा झाल्याचा मेसेज तिथं जातो. संध्याकाळी तिचा फोन. "आ गया," एवढंच.

१४ जून

आप्पा पार लाडसावंगीपर्यंत जायला लागलेत. नवी सहा दुकानं. खारी अख्खी पोचते. काल येताना आईला गजरा आणला. आई म्हणाली, "म्हातारपणी गाडी काय आली, लई रंग चढला." पण माळला. आप्पा हसले की त्यांचा पुढचा पडका दात दिसतो, म्हणून ते हसणं टाळतात. काल टाळलं नाही.

असं काही चांगलं झालं की मला भीतीच वाटते.

५ जुलै

चुकलं. पैसे टाकायला एक दिवस उशीर झाला. दवाखान्याचा पगार उशिरा झाला म्हणून, पण कारण काहीही असो. हप्ता परत गेला.

नसरीनचा फोन. "वो लोगां फोन कर रहे. सलीम को दो बोल रहे. मैंने बोली, सो रहे. क्या बोलती?"

उद्या मी जाते म्हटलं.

६ जुलै

फायनान्सच्या ऑफिसात गेले. काउंटरवर एक चष्मेवाल्या बाई.

"कर्जदार कुठायत?"

"गावाला गेलेत."

किती सहज म्हणाले मी. दंडासकट पैसे भरले, पावती घेतली, निघालेच होते.

माझ्यामागं एक म्हातारे बाबा होते. धोतर, हातात पिशवी. त्यांचा मुलगा वारलेला, ट्रॅक्टरचे हप्ते भरायला आलेले. त्या बाई त्यांना ओरडूनच म्हणाल्या, कारण बाबांना ऐकू कमी येत होतं. "बाबा, पैसे परत ठेवा! कर्जाला विमा हाय. मृत्यूचा दाखला आणा. मंजूर झालं की बाकीचं माफ होतं. गाडी तुमचीच राहती!"

मी परत फिरले. सगळ्या कर्जांना असतो का असं विचारलं.

"बहुतेक. कर्ज देतानाच कापून घेतात. कोणाला म्हाईत नसतं. घाबरून सांगतच नाहीत माणसं." मग चष्म्यावरून बघत, "तुमचं काय होतं?"

काही नाही म्हटलं. सलीमच्या कर्जाला आहे का हे विचारायचं धाडस झालं नाही. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, आपण दारात काढलेली चप्पल उलटसुलट घातलीय.

८ जुलै

कोणाला सांगितलं नाही.

तिला कळलं तर: दाखला देईल, कर्ज माफ होईल, गाडी तिची. मोकळी गाडी. ती विकली तर अजिंठ्याला जाताना हातात काही राहील. रिकाम्या हातानं गेलेल्या मुलीला माहेरी काय मिळतं ते मी माझ्या मावशीचं बघितलंय.

नाही कळलं तर: आम्ही एका मेलेल्या माणसाचे हप्ते भरत राहू, जे कोणालाच भरायला नको होते. आणि शेवटी गाडी आमची.

आम्ही फसवलेलं नाही. हे मी आज किती वेळा स्वतःला सांगितलं. आम्ही फसवलेलं नाही, पण आता मला माहीत आहे.

१० जुलै

सांगितलं आप्पांना. ते साखळीला तेल घालत होते. ऐकत राहिले, हात थांबला नाही.

"मंग गाडी कुणाची?"

"तिची, आप्पा."

"आन् आपण दिलेले?"

ते जावेदभाईंनी सलीमच्या दवाखान्याचं देणं फेडायला वापरले. ते परत कुठून येणार.

आई आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली. "तुला शिकवलं ते आपल्या घरात उजेड पडावा म्हणून. लोकांच्या घरात कंदील धरायला न्हाय." मग रडायला लागली. "परत एसटीनं जातील का गं हे? ह्या वयात?"

आप्पा तेलाचा डबा बंद करत म्हणाले, "सांगून ये तिला."

आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "उद्या. आज नको."

११ जुलै

गेले. नसरीन मेथी निवडत होती. सासू शेजारी गेलेली. मी सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मला मिठी मारेल. काही तरी.

ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "मतलब उनकू मरे हुए लिखवाना पड़ता?"

"हो. दाखला द्यावा लागेल."

"वो तो है. पेटी में है." मेथीची काडी मोडली. "सब जगह लिखवा दिए. राशन में, बँक बाकी है, वो जेठजी बोले बाद में. कंपनीवाले एकच थे जो अभी भी फोन करके उनका नाम लेते. सलीम साब हैं क्या, पूछते. मैं बोलती, हौ, हैं. सो रहे." 

मी तिच्या बाजूला बसून मेथी निवडायला लागले. दुसरं काय करणार.

निघताना तिनं विचारलं, "फिर तुमारे अब्बा क्या चलाएँगे?"

मी म्हटलं, ते माझं मी बघते. खोटं. मी काहीच बघू शकत नाही.

१३ जुलै

जावेदभाई घरी आले. खुर्चीत बसले नाहीत. "इद्दत में बैठी औरत के दिमाग में ये कायकू डाले? मैं मना कर रहा था क्या हक देने को? जो पैसा आया वो मेरे भाई के इलाज में गया, मेरे पेट में नहीं."

आप्पा म्हणाले, "म्हाईत हाय, जावेदभाई."

"तो फिर? हाथ पे हाथ रखे थे ना अपन?"

"ठेवला होता. तवा ही गोष्ट म्हाईत नव्हती."

"आप्पा, गाडी चली गई तो आपकी लाइन कौन सँभालेगा? भट्टी का मालक दूसरे को दे देगा. मैं क्या मुँह से रोकूँ उसको?" धमकी नव्हती ती. तेच मला जास्त लागलं. त्यांचे डोळे भरलेले होते. दारात चप्पल घालता घालता मला म्हणाले, "बहुत पढ़ लिए बेटा तुम."

१८ जुलै

नसरीनची इद्दत संपली. आज सकाळी तिचाच फोन. "चलो. मैं अकेली नहीं जाती."

मार्चनंतर ती पहिल्यांदा घराबाहेर पडली. रिक्षात बुरख्याचं टोक घट्ट धरून बसलेली, उन्हाला डोळे मिचकावत. गुलमंडीच्या चौकात म्हणाली, "इतनी गाड़ियाँ थीं क्या पहले?"

तिथं त्याच चष्मेवाल्या बाई. मला ओळखलं त्यांनी. "गावाहून आले का कर्जदार?"

मी मान खाली घातली. नसरीननं दाखला काउंटरवर ठेवला, पण हात त्याच्यावरून काढला नाही. बाईंनी थोडं थांबून तो हलकेच ओढून घेतला. काँप्युटरमध्ये बघितलं. विमा आहे. पण इतके दिवस उशिरा कळवलं म्हणून मंजूर होईल की नाही ते वरचे ठरवणार. आणि गाडीची पाहणी होईल.

"गाडी कुणाकडं आहे सध्या?"

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते.

"घर पे है," नसरीन म्हणाली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, असं का सांगितलंस? ती म्हणाली, "तुम बोले थे ना गाँव गए. एक मैं बोली." जिन्यात बसून रडली मग. मी नळावरून पाणी आणून दिलं. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. ठेवला नाही. मला अजूनही समजत नाही की मी तिच्यासाठी काही चांगलं केलं, की शेवटचं जे होतं तेही काढून घेतलं.

१९ जुलै

आप्पा आज फेरीवर गेले नाहीत. पाहणीला येतील तेव्हा गाडी शहागंजला असायला हवी, म्हणून त्यांनी पहाटेच डब्यांचं लोखंडी स्टँड सोडवून ठेवलं. गाडी धुतली. मग ओट्यावर बसून राहिले, तिच्याकडं पाठ करून.

"पास झालं नाही तर?" आई.

"तर हप्ते आपले, गाडी आपली."

"आन् झालं तर?"

आप्पा उठून स्टँड आत ठेवायला गेले.

संध्याकाळपासून भट्टीचा फोन येतोय. उद्याचा माल किती काढायचा, ते आत्ता सांगावं लागतं, म्हणजे पीठ मळायला बरं. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. आप्पांनी उचलला नाही. तसाच वाजता माझ्यापुढं धरला.

"तू सांग," म्हणाले. "तुला कळतंय."

फोन माझ्या हातात वाजतोय, मांडीवर वही.