विलासचं हेलियम

२ सप्टें. २००५, वडीगोद्री
विलासची रजा संपली, नवरा पुन्हा मस्कतला नोकरीवर. गाडीत बसेपर्यंत एकच विषय. मित्रांनी समुद्रात बुडालेलं जहाज हेरलंय, साठ मीटर खोल. कंपनीचं काम नाही, निव्वळ हौस. तिथं साध्या हवेनं गुंगी येते, म्हणून टाकीत हेलियम मिसळायचं. "डोकं ठिकाणावर ऱ्हातं," म्हणाले. म्हटलं, डोकं ठिकाणावर असलेला माणूस तिथं जातोच कशाला? ते हसले. मला हसू आलं नाही.

६ सप्टें.
नववीला निष्क्रिय वायू. हेलियम कशातच गुंतत नाही, असं सांगितलं. एक पोरगी म्हणाली, "फुग्यातला ना, बाई?" हो म्हटलं. गृहपाठ देऊन टाकला.

१८ सप्टें.
फोन आला. हेलियमच्या मिश्रणावर उतरायचं शिक्षण पुरं झालं म्हणे. उतरणं सोपं, येणं अवघड. वर येताना ठरलेल्या जागी थांबत थांबत यायचं, अंगात मुरलेला वायू सावकाश निघावा म्हणून. घाई केली तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे, रक्तात.
आत्याबाईंनी फोन ओढून घेतला. "कशाला उतरून राह्यलास रे बाबा? हितं विहिरीत कमी पोहलास का?"
"आई, हे येगळं हाय."
माझं सासूबाईंशी क्वचित जुळतं. आज जुळलं.

१ ऑक्टो.
आज उतरणार होते. फोन नाही. वर्गात काय शिकवलं, देव जाणे.

२ ऑक्टो.
त्यांच्या मित्राचा फोन. जिवंत आहेत. पण पाय... तिथल्या दवाखान्यात दाबाच्या खोलीत ठेवलंय, रक्तातले बुडबुडे विरावेत म्हणून. "भाभी, टेन्शन मत लो," असं तो तीनदा म्हणाला. यांना ताप आलाय, एवढंच आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि भाकरी थापायची थांबल्या.

२९ ऑक्टो.
आले. कुबड्यांवर. डावा पाय ओढतात, उजव्याला चटका बसला तरी कळत नाही. आत्याबाईंनी दारातच त्यांचे पाय चाचपून पाहिले. डॉक्टरांनी बजावलंय, आता डायव्हिंग कायमचं बंद. पुन्हा असं झालं तर उठता येणार नाही, कदाचित जीवही...

१० नोव्हें.
दिवाळी गेली. केली असं म्हणवत नाही.
आज विचारलंच, खाली झालं काय?
"जहाजाच्या वरच्या अंगाला पोचल्तो. तिथूनच माघारी फिरायचं ठरल्तं. पण खाली तळ दिसला. मंग गेलो."
"कशाला?"
"माती आणायला."
आमच्याकडे विहिरीत बुडी मारली की तळाची मूठभर माती वर आणून दाखवायची. नाहीतर तळ गाठला हे कोण खरं मानणार? चाळिशीच्या माणसानं समुद्रात तेच केलं. तेवढ्यात वेळ गेला, टाकी आटत आली, वर येताना जिथं थांबायचं तिथं पुरतं थांबता आलं नाही.
"गुंगी आल्ती का?" मी आशेनं विचारलं.
"बिलकुल न्हाई. डोकं एकदम साफ होतं."
याचाच राग येतो. गुंगीत गेले असते तर कधीच माफ केलं असतं.

२७ नोव्हें.
मळ्यातल्या विहिरीवर घेऊन चल, म्हणाले. पायऱ्या बसत बसत उतरले. मी पदर खोचून पुढे, पडलेच तर धरायला. कुबड्या पायरीवर राहिल्या आणि हे पाण्यात सुटले. पाण्यात त्यांचं काहीच अडत नाही. आल्यापासून आज पहिल्यांदा हसले. फार बरं वाटलं, तरी कुबड्या हाताशी ओढून घेतल्या.
पाठीवर तरंगत म्हणाले, "मित्र लोक उन्हाळ्यात परत उतरून राह्यलेत. मी खोल न्हाई जाणार. थोडंच. तू न्हाई म्हणलीस तर बराबर हितंच ऱ्हातो. शब्द देतो."
नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? तोंड उघडलंही होतं. ते डोळे मिटून वाट बघत होते.
म्हटलं, पाणी गार आहे, आधी बाहेर या.
"आधी सांग."
उन्हं कलायच्या आत कसंबसं घरी आणलं. मी अजून सांगितलेलं नाही.