हिच्या चहाला माझी सोबत

३ फेब्रुवारी
आजपासून रोजच्या साध्या गोष्टींत आनंद शोधायचा. दुकान बंद केल्यापासून हात रिकामे आहेत. फ्रिज दुरुस्ती मला कुणी शिकवली नाही, मोडत मोडत शिकलो. आनंदही तसाच शिकेन.

सुरुवात सगळ्यांची तब्येत विचारण्यापासून. हिला विचारलं, गुडघा कसा आहे. म्हणाली, आहे जागेवरच. लेकीला फोन केला, तब्येत कशी आहे. ती घाबरली. बाबा, खरं सांगा, डॉक्टर काय म्हणाले? खालच्या शिंप्याला विचारलं, पाठ कशी आहे. म्हणाला, काका, निवडणुकीला उभे राहताय की काय? आमच्या फ्रिजची तब्येत ठणठणीत. माझी तर विचारायलाच नको.

मग लक्षात आलं, ही बिचारी जन्मभर सकाळचा चहा एकटी पीत आली. मी आपला लोळत पडलेला. उद्यापासून सोबत करणार.

४ फेब्रुवारी, पहाटे
उठलो. ही खिडकीशी खुर्चीत, पाय स्टुलावर, हातात कप, रेडिओ अगदी हळू. मला बघून म्हणाली, पोटात दुखतंय का? म्हटलं, सोबतीला आलोय. तिने पाय खाली घेतले. स्टूल मोकळं झालं म्हणून मी त्यावर बसलो. चहाची वाफ कशी बघावी ते समजावून सांगितलं. काही बोलली नाही. मशीन आवाज करत नाही म्हणजे बरं चाललंय. इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

६ फेब्रुवारी
शांतता नीट ऐकू यावी म्हणून रेडिओ बंद केला. शांततेचं महत्त्व सांगण्यात बराच वेळ गेला. शेवटी विचारलं, आत्ता, या क्षणी तुला काय वाटतंय? म्हणाली, दूध उतू जातंय असं वाटतंय. गेलंच होतं. शेगडी पुसण्यातही आनंद असतो, असं तिला पुसता पुसता सांगितलं. म्हणजे पुसत ती होती.

९ फेब्रुवारी
प्रगती झपाट्याने. ही आता पूर्वीपेक्षाही लवकर उठते. गोडी लागली. मी गजर आणखी अलीकडे लावला. रात्री तिने आपणहून विचारलं, उद्या कधी उठणार तुम्ही? एवढी उत्सुकता लग्नाच्या वेळीही नव्हती.

११ फेब्रुवारी
स्वयंपाकघरात कुणी नाही. पातेल्यात माझ्यापुरता चहा झाकलेला, कप गायब. घरभर शोधलं. गच्चीच्या जिन्यावर सापडली, रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसलेली. जागा झकास निवडलीय, म्हटलं. खाली जाऊन स्टूल घेऊन आलो. तोवर तिचा चहा संपला होता. एका घोटात प्यायली असणार. जीभ पोळली नसेल ना, असं विचारलं, तर जिना उतरून गेली.

१२ फेब्रुवारी
पलंगावर बॅग. लेकीकडे निघाली आहे. किती दिवस? बघू, म्हणाली. मीही येतो म्हटलं, तर घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालत बसली. लेकीला फोन लावला, आई येतेय, आमच्या आनंदाचे प्रयोग तुझ्याकडेही करू. ती म्हणाली, बाबा, आईला सकाळी जरा एकटं बसू द्या ना. दिवसातला तेवढाच वेळ तिचा असतो. मुलांना समज कमी. तरी जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
सकाळी हिने बॅगेची चेन लावता लावता विचारलं, गिऱ्हाइकांना तुम्ही काय सांगायचात हो? मी म्हटलं, पुष्कळ काही. ती म्हणाली, ते दाराचं. मी लगेच सांगितलं, आत गारवा आहे का म्हणून सारखं दार उघडून बघू नका, बघण्यानेच तो जातो. बरोबर, म्हणाली. मी विचारलं, मग कुठला फ्रिज बिघडलाय? ती उठून स्वयंपाकघरात गेली.

दुपारभर विचार केला. आपल्या फ्रिजचं दारही उघडून बघितलं. चार वाजता उलगडा झाला. चहा पिताना जाहीर केलं की ब्लडप्रेशरच्या दृष्टीने पहाटे उठणं मला मानवत नाही, उद्यापासून बंद. डॉक्टर म्हणाले का, असं तिने विचारलं. मीच म्हणतोय, म्हटलं. बॅग कपाटावर परत गेली. टॉवेल मात्र आतच आहे.

१४ फेब्रुवारी
पहाटे जाग आली, सवयीने. डोळे मिटून पडलो, संशय नको म्हणून थोडं घोरलोही. शेगडी पेटली. स्टूल सरकलं, म्हणजे पाय वर गेले. रेडिओ, अगदी हळू. मग एक आवाज आला, तो काही केल्या ओळखू येईना. ही गुणगुणत होती. जन्मभर रोज हे चालू असणार आणि मी झोपेत. जाऊन सांगावंसं वाटलं, छान गुणगुणतेस. पाय जमिनीवर टेकलेसुद्धा. परत वर घेतले.

तर असा आनंद अखेर मीच शोधून काढला. पडल्या पडल्या. मग डोळा लागला तो पार उन्हं अंगावर येईपर्यंत. हिने चहा आणून दिला आणि म्हणाली, घोरण्याचं सोंग तुम्हाला जमत नाही. खरं घोरता तेव्हा मध्ये मध्ये बंद पडता.

लेकीला मेसेज टाकला: आईचा गुडघा बरा, शिंप्याची पाठ तशीच, फ्रिज उत्तम. आई सध्या येत नाही. माझा प्रयोग यशस्वी झाला, तुझं मत कळव. उत्तर लवकर लिही. पण सकाळी नको, सकाळी मला झोपायचं काम असतं.