वायर न जोडलेली गिटार

ताइनान, ३ सप्टेंबर २०१०

चि. बीचूस, थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

तू पाठवलेले तांदळाचे गोड गोळे पोचले. तुझ्या भाऊजींनी निम्मे एकट्यानं फस्त केले, वर म्हणतात गोड कमी.

आता एक सांगते, हसू नकोस. मी आयुआनची इलेक्ट्रिक गिटार शिकतेय. बासष्टाव्या वर्षी! पोरगा स्कूटरवरून गेला तो परत आलाच नाही, त्याला दहा महिने होतील. परवा धीर करून त्याची वही उघडली. शेवटच्या पानावर सहा रेघा, त्यांवर आकडे. गाण्याचं नाव नाही, वर नुसतं 'आईसाठी, सोपं'. वाद्यांच्या दुकानातल्या बाईंनी समजावलं की रेघ म्हणजे तार आणि आकडा म्हणजे पडदा. कुठला सूर किती लांबवायचा ते त्यानं लिहिलेलंच नाही. मी आपली नखीनं एकेक तार टिंग टिंग करत बसते, गाणं काही कळत नाही. बोटांची मात्र सालटं निघाली.

थोरांनी लेकराला पोचवायला जायचं नाही ही आपली रीत. त्या दिवशी सगळे गेले आणि मी आतल्या खोलीत दार लावून बसले. पोटच्या पोराला निरोप दिला नाही गं मी. वर्षाच्या दिवशी निदान एवढं तरी त्याच्यासमोर नीट वाजवायचं आहे.

त्याला मी कधी स्पीकरची वायर जोडू दिली नाही. तुझ्या भाऊजींची रात्रपाळी, दिवसा झोप. वायरीवाचून ती गिटार नुसती कुजबुजते. तो दाराआड वाजवायचा आणि मी स्वयंपाकघरात टीव्ही मोठा करायचे. एकदाही ऐकलं नाही त्याला. आता मीही तशीच वाजवते. वायर जोडायचा धीर होत नाही.

गुडघ्याला शेक देत जा. बहिणीची आठवण असू दे.
तुझी ताई, युएश्या


ह्वालिएन, १४ सप्टेंबर २०१०

ती. ताईस, धाकटीचा सा. न. वि. वि.

हसू नकोस म्हणालीस म्हणून आधी पोटभर हसले, मग रडले. शाळेच्या समूहगीतात तुला नुसते ओठ हलवायला सांगायचे, आणि आता म्हणे गिटार!

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. गेल्या वर्षी पौर्णिमेच्या सणाला आयुआन माझ्याकडे आला, तेव्हा म्हणाला की आईच्या वाढदिवसासाठी एक धून बसवतोय. कुठली विचारलं, तर लबाड सांगेना. म्हणाला, आईला नाव सांगावं लागणार नाही, पहिल्या ओळीलाच ती चपला घालेल. मला वाटलं, तू वैतागून घराबाहेर पडशील म्हणून थट्टा करतोय. तुला लागेल म्हणून बोलले नाही.

ताई, वायर जोड. भाऊजींची झोप मोडली तर मोडू दे.

चिडलीस तरी चालेल, पत्र मात्र थांबवू नकोस.
तुझी बीचू


ताइनान, १९ नोव्हेंबर २०१०

चि. बीचूस अ. आ.

परवा बुधवारी वर्ष झालं. त्याच्या फोटोपुढे संत्री ठेवली, उदबत्ती लावली आणि वायर जोडली. तुझे भाऊजी उठले आणि त्यांनी खिडक्या उघडल्या. काय मोठा आवाज तो! बोटं मात्र अडखळली नाहीत. दोनदा वाजवलं. एवढ्यात खाली गलका झाला. बघते तर अख्खी गल्ली कचऱ्याच्या पिशव्या घेऊन उभी! ग्वो आजोबांच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला. बुधवारी गाडी कशी आली म्हणून ते सगळ्यांना विचारत होते.

बीचू, कचऱ्याच्या गाडीची धून होती ती. पंचवीस वर्षं जिच्यामागे पिशवी घेऊन धावले, ती मला ओळखता आली नाही. मग आठवलं. एकदा मी त्याच्यावर खेकसले होते, की तुझं एकही गाणं माझ्या ओळखीचं नाही. त्यानं विचारलं, मग कुठलं आहे? मी म्हणाले, मला बाई कचऱ्याच्या गाडीचं तेवढं ठाऊक, ते वाजव म्हणजे ऐकेन. रागाच्या भरात बोलले गं. लेकरानं ते मनावर घेतलं.

मी खिडकीत, गळ्यात गिटार, हमसून हमसून रडतेय. कुणी रागावलं नाही. ग्वो आजोबा म्हणाले, पुन्हा वाजव पोरी. कचरा जमिनीला टेकवायचा नाही, थेट गाडीतच टाकायचा हा आपल्याकडचा नियम, म्हणून सगळे हातात पिशव्या धरूनच शेवटपर्यंत उभे राहिले. मला जाता आलं नव्हतं ना, परवा त्याला पोचवून आले असं वाटलं.

आता साडेसहाला गाडी आली की पिशवी रिकामी असली तरी मी खाली जातेच. बुधवारी आणि रविवारी गाडी नसते. त्या दिवशी मी वाजवते.

येशील तेव्हा रविवारीच ये. माया राहू दे.
तुझी ताई