उजव्या चाकाबद्दल मामांना

तीर्थरूप मामा,

‘तुम्हांला यातलं काय कळतं’ हे वाक्य जन्मभर ऐकत आलेल्या आपल्या घरातल्या दोघांपैकी धाकटीचा थोरल्याला नमस्कार. तुम्हांला ते पंपाच्या खोलीत ऐकवलं गेलं, मला सभागृहात ऐकवतात. फरक एवढाच, की मला आधी ‘सन्माननीय सदस्या’ म्हणतात आणि मग ऐकवतात. गुडघा कसा आहे? डाव्या कानाची चौकशी करत नाही, कारण नको असलेलं बोलणं तुम्ही बरोबर त्या बाजूला घेता, हे मामीनं मला केव्हाच सांगितलंय. (हे पत्र कृपया उजव्या बाजूनं वाचावं.) मामीचा खोकला उतरला असेल अशी आशा आहे. मी बरी आहे. दोन्ही तळहात मात्र चार दिवस झाले तरी निळे आहेत, आणि त्याचं श्रेय तुमचं असल्यामुळे हे आभाराचं पत्र.

तुम्हांला माहीत आहे, गेल्या वर्षी मी आपल्या नदीवर दोन तास बोलले. विरोधकांनीही बाकं वाजवली. मंत्र्यांनी उठून शब्द दिला, की सांडपाण्याच्या प्लांटमधून यापुढे थेंबही न गाळता नदीत जाणार नाही. दुसऱ्या दिवशी छायाचित्रासह बातमी आली, आणि नदी होती तशीच काळी राहिली. नदी वर्तमानपत्र वाचत नाही, ही तिच्यातली एकच खोड. मग मला एका समितीवर घेतलं. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दांचं पुढे काय झालं, ते तपासणारी ही समिती. मला वाटलं, आता रोज भाषण. तर आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात आणि मी तोंड उघडलं की त्याच्याकडे बघतात. आम्ही त्यांना घड्याळच म्हणतो. पहिल्याच बैठकीत ते मला म्हणाले, ‘‘बाई, इथे टाळ्या नाहीत. प्रश्न एक, आणि लहान.’’ माशाला झाडावर चढायला सांगितल्यासारखं झालं मला.

तर गेल्या सोमवारी समिती तो प्लांट बघायला गेली. आगाऊ कळवून गेली, त्यामुळे प्लांट नव्या नवरीसारखा नटलेला. कुंड्या मांडलेल्या, कठडे रंगवलेले, टाकीतलं पाणी इतकं नितळ, की त्यात घड्याळांनी स्वतःचा टाय नीट केला. (ते पाणी पहाटे टँकरनं आणून ओतलं होतं, हे नंतर टँकरवाल्यानंच भोळेपणानं सांगितलं. त्याला वाटलं, आम्ही बिल मंजूर करायला आलोय.) प्लांटचे अधीक्षक मोठे गोड माणूस. शब्दागणिक मान लववतात. त्यांनी आम्हांला खालच्या पायऱ्यांनी व्हॉल्व्हच्या चौथऱ्यावर नेलं. निवृत्तीपर्यंत तुमची कामाची जागा ती. दोन मोठी चाकं शेजारी शेजारी. उजवं फिरवलं की घाण पाणी टाकीत जातं, डावं फिरवलं की न गाळता थेट नदीत. डावं फक्त संकटकाळासाठी, असं अधीक्षक सांगत होते, आणि मी मनातल्या मनात चाळीस मिनिटांच्या भाषणाची पहिली ओळ जुळवत होते. मान वर, नजर क्षितिजावर. साहजिकच पायरी चुकली.

पडताना माणूस हाताला येईल ते धरतो. माझ्या उजव्या हाताला उजवं चाक आलं, डाव्या हाताला डावं. माझं वजन तुम्ही जाणता. ते सगळं उजव्या चाकावर पडलं, तरी ते तसूभर हललं नाही, जणू भिंतीतूनच उगवलंय. डावं मात्र लोण्यासारखं फिरलं आणि मला घेऊन खाली गेलं. पाइपात कुणी खाकरावं तसा आवाज झाला, आणि समोर नदीच्या तोंडाशी काळ्या पाण्याची धार सुटली. वास आला तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, हे मी विसरणार नाही. घड्याळांनी हात देऊन मला उठवलं. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर माझे दोन पंजे निळे उमटले ते उमटलेच.

आणि मामा, तिथे उभ्या उभ्या मला तुमचा आवाज ऐकू आला. शाळेत असताना मी तुमच्यासाठी बॅटरी धरायचे, तुम्ही कुणाच्या तरी मोरीखाली आडवे पडलेले असायचा, आणि मी वरून पाठ केलेल्या कविता म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, ‘‘कविता चालू दे, पण उजेड माझ्या तोंडावर नको, कामावर पाड.’’ आणि म्हणायचात, रोजच्या चाकाला रंग टिकत नाही, न फिरणाऱ्या चाकाचा रंग उडत नाही. मी पाहिलं. डाव्या चाकाचा ओला रंग माझ्या हाताला आला होता आणि खाली लोखंड तळहातांनी घासून चकचकीत झालेलं होतं. उजव्या चाकाच्या दांड्यावर, आट्यांमध्ये, निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली हिरवा, असे अखंड थर होते. केसातल्या पिनेनं मी खरवडून बघितले. तीनदा रंगवलेला, एकदाही न फिरवलेला. मी लहान प्रश्न विचारला, की हे शेवटचं कधी फिरलं. अधीक्षक म्हणाले, ‘‘मॅडम, ते सध्या विश्रांतीवर आहे.’’

चाळीस मिनिटांचं भाषण मी पर्समध्येच ठेवलं. घड्याळांनी पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि त्या चाकाचे सगळे जुने कागद मागवले. फायलीत अकरा वर्षांपूर्वीचा एक अर्ज निघाला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला: ‘उजवं चाक अडकलं आहे. घाण टाकीत न जाता नदीत जाते. एक माणूस द्या, एका दिवसात सोडवतो.’ खाली तुमची सही. त्याखाली साहेबांचा शेरा, ‘पाहिले’. माझ्या दोन तासांत जे नव्हतं ते तुमच्या तीन ओळींत होतं, मामा. मला अभिमान वाटला आणि लाजही वाटली. मी उभी राहून सांगितलं, की अर्जदार माझे सख्खे मामा आहेत. घड्याळांनी ते लिहून घेतलं.

आता अधीक्षकांचं म्हणणं असं, की अर्जानंतर चाक दुरुस्त झालं होतं, परवाच्या रंगानं जरासं चिकटलंय, एवढंच. त्यामुळे येत्या गुरुवारी समितीसमोर ते उघडायचं ठरलंय. चिकट रंग किती दिवसांचा आणि गंज किती वर्षांचा, हे आमच्यापैकी कुणालाच कळत नाही. ठोस काही निघालं नाही, तर शुक्रवारी अहवालात ‘शब्द पाळला’ असं लिहिलं जाईल आणि विषय कायमचा बंद. मग खालच्या अंगाला मामी पंपाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळत राहणार, आणि अख्खी गल्ली तेच करणार.

निवृत्तीच्या दिवशी तुम्हांला त्या वेळचे साहेब काय म्हणाले ते मला पाठ आहे: ‘‘तुम्ही पाना धरा, पेन आमच्याकडे राहू द्या.’’ त्यानंतर त्या फाटकात पाऊल न टाकण्याची तुम्ही शपथ घेतलीत, तीही माहीत आहे. ती मोडा असं मी कशी म्हणू? मी फक्त आभार मानायला लिहिलं. मला बोलायला पुस्तकांनी शिकवलं, बघायला तुम्ही. मामीला नमस्कार.

तुमची,
बॅटरीवाली

ता. क. समितीचं रीतसर बोलावणं तुम्हांला वेगळं येईल. ते सरकारी भाषेत आहे, घाबरू नका. अर्थ एवढाच, की त्यांना तुम्ही हवे आहात.

ता. क. २. नात्यामुळे गुरुवारी मला प्रश्न विचारायला मनाई आहे. तुम्ही काम कराल आणि मी तोंड मिटून बसेन. हे दृश्य बघायला निम्मं सभागृह येणार आहे. मी चुकले असेन, चाक खरंच परवाच चिकटलं असेल, तर तसंच सगळ्यांसमोर सांगा. भाचीची भीड धरू नका.

ता. क. ३. खरं सांगायचं तर मी मामीला परवाच फोन केला. शपथेचं काय, म्हटलं, तर म्हणाली, ‘‘त्यांची शपथ मी बघते.’’ दाराआड एक पिशवी भरून ठेवली आहे, जाऊन बघा. मोठा पाना तळाशी आहे, वर कोरडे मोजे. गुरुवारी सकाळी दहाला फाटकाशी या. नाव विचारतील. नाव सांगत बसू नका, म्हणा, उजवं चाक सोडवायला आलोय.