अण्णांच्या पायाबद्दल

ता. ९ मार्च, सकाळी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, छोटीला पापा. मी धडधाकट आहे. नोकरी अजून टिकलीय, वर्षातली तिसरी, हसू नकोस. फोनवर जीभ रेटत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय.

काल तू म्हणालीस, काळेपणा घोट्यापर्यंत आला, डॉक्टर पाय काढायचा म्हणतात, आणि अण्णा त्यांनाच सुनावतात, "माझा पोरगा संशोधनात आहे. तो म्हणतो जखम भरते. तुम्ही कोण?"

ताई, मी संशोधनात नाही. ऑपरेशनच्या खोलीतून बर्फाचा डबा उचलायचा आणि अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पोचवायचा, एवढंच माझं काम. डब्यात अण्णांसारख्या साखरेच्या रोग्यांच्या जखमेच्या कडेचं मांस असतं. वरच्या मॅडम त्यातली एकेक पेशी सुटी करतात आणि कुठली पेशी जखम भरायला झटतेय, कुठली हातपाय गाळून बसलीय, ते मशीनवर वाचतात. एकदा त्या खुशीत ओरडल्या, "भरणाऱ्या पेशी सापडल्या!" मी लगेच अण्णांना फोन लावला. जन्मात पहिल्यांदा ते मला "शाब्बास रे" म्हणाले. मग मला आवरेना. औषध आलंच म्हणालो, कापू देऊ नका म्हणालो.

तेव्हा डॉक्टर नुसता पायाचा अंगठा कापू म्हणत होते.

काल मॅडमना विचारलं, औषध कधी? "अरे बाबा, आत्ता कुठे रोग वाचता येतोय. दहा वर्षं धर, तीही नशीब असेल तर." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोणाचा पाय आहे?" मी सांगितलं. "कापायला सांग. आजच."

अजून एक. डब्यातलं ते मांस कापलेल्या पायांचंच असतं, हे मी अण्णांना कधी बोललो नाही. वेळेवर कापू देतात ते कुबड्या घेऊन, सगळ्यांना शिव्या देत घरी जातात. गेल्या आठवड्यात एक ड्रायव्हर आला, अण्णांच्याच वयाचा. महिनाभर नाही-नाही करत बसला होता. सोमवारी शेवटी पाय कापला, त्याचा डबा मी नेला. बुधवारी खाट रिकामी, आणि तो घरी गेला नव्हता.

हे सगळं अण्णांना मोठ्यानं वाचून दाखव, एक अक्षर गाळू नकोस. चिडून फोन मागितला तर दे, पण ऑपरेशनच्या कागदावर सही आज घे.

अण्णा, तेव्हा शाब्बासकीसाठी बोललो. आत्ता शिवी द्या, पण ऐका.

तुमचा,
तोंड दाखवायची हिंमत नसलेला,
धाकटा