चौदा दिवसांत परत करता येईल

२ फेब्रुवारी, सोमवार

तपासणी प्रमुख! तीन वर्षं अर्ज करत होते, यंदा नाव लागलं. मॅडमनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. शाखा मात्र दुसऱ्या शहरात, गाडीने सात तास. होकार सोळा तारखेला दुपारी बाराच्या आत लेखी द्यायचा.

मी म्हणाले, आनंदाने. मग म्हणाले, पण. मॅडम म्हणाल्या, पण काय? मी म्हणाले, आई. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

अडचण खरी आहे. डिसेंबरात आईच्या कमरेत उसण भरली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं की वाकायचं नाही. तेव्हापासून घरातला केर मी काढते. (रविवारी. इतर दिवशीही काढायचं ठरलेलं आहे.) मी गेले तर केर कोण काढणार? एवढा एकच प्रश्न. बाकी मी एका पायावर तयार आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर सापडलं. जमिनीवर आपोआप फिरून केर ओढणारं मशीन. किंमत माझ्या निम्म्या पगाराएवढी. पण पसंत पडलं नाही तर चौदा दिवसांत परत. म्हणजे सतरा तारखेपर्यंत.

बाबा सांगायचे, वस्तू घेण्याआधी तिची परीक्षा घ्यावी, आणि परीक्षा घेताना दयामाया दाखवू नये. एकदा कुलूप विकत घेण्याआधी ते दुकानातच तारेने उघडता येतं का, हे बाबा तासभर बघत होते. शेवटी दुकानदाराने पोलीस बोलावले. मी तेव्हा सात वर्षांची होते. तार मीच धरली होती.

सेल्समनला तेवीस प्रश्न विचारले. नऊ प्रश्नांनंतर तो चहाला गेला तो आलाच नाही. उरलेले चौदा दुसऱ्याला विचारले.

ठरलं. मशीन पास झालं तर ठेवायचं, मी जायचं. नापास झालं तर परत करायचं, मी राहायचं. इतका स्वच्छ निर्णय मी आयुष्यात घेतला नव्हता.

४ फेब्रुवारी, बुधवार

पहिली फेरी. आधी खुर्च्या टेबलावर चढवल्या. वायरी गुंडाळल्या. पायपुसणी, चपला, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, सगळं पलंगावर. पन्नास मिनिटं लागली. मशीनला बावीस. ऑफिसला उशीर झाला. वाचलेल्या वेळाचा हिशेब सवडीने करेन.

आईने मशीनचं नाव जावईबापू ठेवलंय. म्हणे, येणार म्हटलं की आपण सगळं घर आवरायचं. मग ते ऐटीत एक चक्कर मारणार, चार ठिकाणी डोकं आपटणार आणि कोपऱ्यात जाऊन बसणार.

माझी खोली मात्र मशीनने दारातूनच बघितली आणि परतलं. मोबाइलमध्ये घराचा नकाशा येतो. त्यात माझी खोली राखाडी रंगाची आहे, म्हणजे आत जायला वाटच नाही. आईला दाखवला नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी ऑफिसात असताना आईने मशीन लावलं. संध्याकाळी बघते तर फरशी चकाचक. मशीनचा डबा उघडला. रिकामा. अगदी चाटूनपुसून रिकामा.

घर स्वच्छ आणि डबा कोरा! मी दिवसभर विम्याचे दावे तपासते. गोदाम जळालं पण राख सापडली नाही, असा दावा आला असता तर तिथेच लाल पेन काढलं असतं.

मग लक्षात आलं. रविवारी मी इतका कसून केर काढते की आठवडाभर घाण साठतच नाही. स्वतःच्या कामाला आपण किती कमी लेखतो!

७ फेब्रुवारी, शनिवार

दादाचा फोन. त्याला सगळं आईकडून कळलेलंच होतं. म्हणाला, मशीन घे नाहीतर चुलीत घाल, पण तू जा. मी म्हणाले, तुला सांगायला काय जातंय, केर कोण काढणार? तो म्हणाला, बाई लावू. मी म्हणाले, आपला केर परक्या माणसाने काढावा हे मला तत्त्वतः पटत नाही. (हे तत्त्व आजच सुचलं, पण चांगलं आहे.)

मागून वहिनीचा आवाज, तिला म्हणावं मशीनचे पैसे मी भरते, पण जा एकदाची.

या घरात माझ्याइतका आईचा विचार कुणी करत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

परीक्षा फार सोपी चालली आहे. स्वच्छ घरात कुणीही पास होईल. आज सकाळी आंघोळीला जाण्याआधी हॉलमध्ये एक सपाट चमचा साखर आणि एका बिस्किटाचा चुरा टाकला. मोजून. उगाच अन्याय नको. मशीन चालू केलं आणि गेले.

बाहेर आले. फरशी आरशासारखी. आई कोचावर वर्तमानपत्र वाचत होती. जरा धाप लागल्यासारखी वाटली. डबा बघितला. साखर नाही, बिस्किट नाही, काही नाही. आईला विचारलं, साखर कुठे गेली? आई म्हणाली, कुठली साखर? मग म्हणाली, जावईबापूंनी खाल्ली असेल, त्यांना गोड आवडत असेल.

वर्तमानपत्र कालचं होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दोन चमचे साखर, दोऱ्याचे तुकडे, फणीतले केस, थोडी कुंडीतली माती. माती सपाट चमचा, शिगोशीग नाही. ऑफिसला जाताना दारातून टाकली, मागे न बघता निघाले. याला कुणी फसवणूक म्हणेल. मी त्याला कडक मूल्यमापन म्हणते.

संध्याकाळी सगळं साफ.

मशीन पास होत चाललंय. म्हणजे मला जावं लागणार. म्हणजे जायला मिळणार.

ऑफिसातला एक सहकारी आहे, सगळे त्याला हो-हो म्हणतात, कारण तो कशालाच नाही म्हणत नाही. त्याचा दुसरा नंबर होता. आज त्याने विचारलं, मग कधी निघताय? मी म्हणाले, चाचण्या चालू आहेत. तो म्हणाला, हो हो, करून घ्या, तब्येत महत्त्वाची.

११ फेब्रुवारी, बुधवार

मशीन कोचाखाली अडकलं आणि इंग्रजीत सांगू लागलं की मी अडकलोय, मदत करा. आईला वाकायचं नाही, म्हणून मी पालथी पडून ओढलं. मशीन निघालं. मी निघेना. कमरेत उसण.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मलाच सहा आठवडे वाकायला बंदी केली. मी म्हणाले, आता घरात दोघींनाही बंदी. बाई म्हणाल्या, दोघी कोण? तुमच्या आईंना मी जानेवारीतच मोकळं केलंय, त्यांनी सांगितलं नाही?

आईला विचारलं. आई म्हणाली, दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तू मोबाइलमध्ये तोंड घालून हं म्हणालीस.

बाई हुशार आहेत, पण जरा घाईने बरं करतात. आईची कंबर मी अजून नाजूकच धरते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी १

अर्धी रजा टाकून सकाळी अकराला न सांगता घरी आले. आमच्या भाषेत अचानक तपासणी.

दार हळूच उघडलं. आई हॉलच्या मधोमध ताठ उभी. हातात लांब दांड्याचा झाडू, जो मी जन्मात बघितला नव्हता. आई पुढे झाडत चालली होती आणि मशीन तिच्या मागे मागे. आई त्याच्याशी बोलत होती. हं, या, इकडून या, तिकडे नको, तिकडे पाय अडकतो, शाब्बास.

मी म्हणाले, आई! ती दचकली नाही. म्हणाली, बरी आलीस, पाय उचल.

मी म्हणाले, तू मला फसवलंस, हे मशीन एक दिवसही स्वतःच्या हिमतीवर पास झालेलं नाही. आई म्हणाली, मग काय करू? रोज सकाळी कोण अवदसा साखर सांडून जाते कुणास ठाऊक. घरात मुंग्यांची रांग लागली. तो बिचारा अर्ध्या हॉलमध्ये दमतो आणि कोचाखाली जाऊन गळा काढतो. मी म्हणाले, मग नापास होऊ द्यायचं! आई म्हणाली, म्हणजे तुला इथेच बसून राहायला बरं.

मग तिने झाडू भिंतीला टेकवला. म्हणाली, तीन वर्षं त्या जागेसाठी जीव काढलास. निकाल लागायच्या दिवशी तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. आता मिळाली तर चमचे मोजत बसलीस. केर काय, काढेन नाहीतर पडून राहील. जा गं बाई.

मी म्हणाले, भावनेच्या भरात निर्णय घेता येत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शांतपणे विचार केला. दोन्ही बाजूंनी हस्तक्षेप झाल्यामुळे चाचणी रद्द. नव्याने चौदा दिवस हवेत.

दुकानात फोन केला. सेल्समन म्हणाला, चौदा म्हणजे चौदा. हा तोच, चहाला गेलेला. मॅडमना फोन केला, उत्तराची मुदत वाढेल का विचारलं. म्हणाल्या, सोळा म्हणजे सोळा. लोकांची एकमेकांशी ओळख नसते, पण आडमुठेपणा सारखा.

१५ फेब्रुवारी, रविवार

निःपक्षपाती चाचणी. साखर नाही, झाडू नाही. मशीन चालू करून आम्ही दोघी घराबाहेर, जिन्यात बसलो. दार बंद. किल्ली माझ्या मुठीत.

आई मांडीवर पर्स घेऊन बसली होती, कुठे निघाल्यासारखी. जरा वेळाने म्हणाली, तुला भीती वाटते का? मी म्हणाले, मशीनची? आई म्हणाली, मशीनची कशाला वाटेल.

मी किल्ली या मुठीतून त्या मुठीत घेतली. मग आईच बोलली. लग्न होऊन आले तेव्हा मी तीन दिवस गच्चीवर जाऊन रडत होते, चौथ्या दिवशी रडायला वेळच मिळाला नाही. मी म्हणाले, तुझ्यासोबत बाबा होते. ती म्हणाली, अगं, त्यांच्यामुळेच तर रडत होते. प्रत्येक भांडं उलटं करून बघायचे, गळतं का.

आम्ही हसलो. आतून ते ओरडायला लागलं, अडकलोय, मदत करा. दोघीही उठलो नाही. बराच वेळ ओरडत होतं.

निकाल: हॉल अर्धा साफ. स्वयंपाकघर साफ. आईची खोली नाही. माझी खोली प्रश्नच नाही. मी पन्नास मार्क दिले. आईने पंचावन्न दिले, वर पाच कष्टाचे. पन्नासला काय करायचं, ते बाबांनी सांगितलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ११.२०

मॅडमना ईमेल लिहिला. चार पानं. मशीनचं मूल्यमापन, आईची प्रकृती, दोन तक्ते. अटींसह होकार.

११.४०

तक्ते काढले. अटीही काढल्या. फक्त होकार उरला. एक ओळ. फार उघडा वाटतो.

११.५२

पुन्हा लिहिला. आईच्या प्रकृतीमुळे ही जबाबदारी स्वीकारणे या वर्षी शक्य होणार नाही.

११.५८

पाठवला.

छातीवरचा दगड उतरला. शेवटी माणसाने कर्तव्य ओळखावं. पदं येतात जातात, आई एकच असते.

१२.१०

हो-होला केबिनमध्ये बोलावलं. काचेतून आवाज आला नाही, पण मान हलताना दिसली. वर-खाली, वर-खाली.

रात्री

जेवताना आईला सांगितलं. वाटलं होतं, चिडेल नाहीतर डोळे तरी भरून येतील. ती म्हणाली, बरं. आणि ताट उचललं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

काल सतरा तारीख होती. मशीन परत करायचं राहिलं. आता ते आमचं.

यातही एक चांगली बाजू आहे. ती उद्या लिहेन.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आईच्या पलंगावर मोठी बॅग उघडी. विचारलं, हे काय? ती म्हणाली, मावशीकडे चालले, रविवारी. दोन महिने. पुढचं पुढे. दोघींनी पोहण्याचा क्लास लावलाय, कमरेला चांगलं असतं म्हणे.

तिकिटावर तारीख बघितली. सवयच आहे. तिकीट तीन फेब्रुवारीला काढलेलं. मी मशीन आणायला गेले होते त्या दुपारी. आईला वाटलं होतं, मी जाणारच, मग एकटीने घरात बसून काय करायचं?

मी म्हणाले, पण मी तुझ्यासाठी राहिले! आई साडीची घडी घालत म्हणाली, हो ना, बरंच झालं. नाहीतर किल्ली शेजारी ठेवावी लागली असती, आणि कुंड्यांना पाणी घालायचाही प्रश्न होता.

मी म्हणाले, तिकीट रद्द कर. ती म्हणाली, का? तुला बरं नाहीये का?

२२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ५

दादा आला आणि आईला घेऊन स्टेशनवर गेला. मी दारापर्यंत गेले. कमरेमुळे बॅग उचलता आली नाही, ती आईनेच उचलली.

चार खोल्या. सगळीकडे शांत.

साडेचारला दादाचा फोन आला. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. म्हणाला, आई खिडकीत बसलीये, मजेत आहे. एकच घोर लागलाय म्हणते. ती विचारतेय, तुला एकटीला जमेल ना?

मी म्हणाले, विचार करून सांगते.