मांजरपाटाचा तागा

बाबा, परवा घाटकोपरच्या बाजारात पिशव्या शिवायला मांजरपाट घ्यायला गेले होते. दुकानदारानं तागा फळीवर आपटून उलगडला, खळीचा तो वास आला, आणि मला तुमचा इतका राग आला की कापड न घेताच बाहेर पडले. तुम्हाला जाऊन तीसच्या वर वर्षं झाली. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. जिवंतपणी तुम्ही रागवायची सोय ठेवली होतीत कुठे? ड्यूटीवरून यायचात, पट्टा खुंटीला लावायचात, की घर गप्प.

कांजूरमार्गची आपली खोली. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक, तिच्यात आईचा लग्नातला शालू आणि त्याच्यावर मांजरपाटाचा अख्खा तागा. शेजारणींना वाटायचं, पोलिसाच्या घरी एवढं कापड म्हणजे कुणीतरी फुकटच दिलं असणार. त्यांना काय सांगणार, की हे मढ्यांचं कापड आहे? तुम्ही रेल्वे पोलिसात शिपाई. रुळांवर माणूस गेला की ते प्रेत झाकायचं, हमालांकडून उचलायचं, वारस आला नाही तर गुंडाळून पाठवायचं, हे तुमचं काम. कापडाचे आणि हमालांचे पैसे आधी शिपायानं खिशातून घालायचे, मग बिल लावायचं, अशी तुमच्या ठाण्यातली रीत. तुम्ही दर वेळी नाक्यावरच्या दुकानातून तीन मीटरचा तुकडा घ्यायचात आणि दुकानदार तुम्हाला लुबाडायचा, कारण तुम्ही घाईत आहात हे त्याला माहीत. शेवटी आईच म्हणाली, "तागाच आणा, स्वस्त पडेल. मी कापून देत जाईन." तेव्हापासून तुमच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी एक पांढरी घडी असायची. मी ती रोज बघत होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आईची अक्कल अंगलट आली ती कागदावर. ठाण्यातल्या रायटरनं, म्हणजे कागदपत्रं सांभाळणाऱ्या हवालदारानं, ताग्याची पावती परत केली. एका मढ्याला एक पावती पाहिजे, एका पावतीवर पंधरा मढी चालणार नाहीत, म्हणाला. म्हणजे महाग घेतलं तर सरकार पैसे देणार आणि स्वस्त घेतलं तर नाही. आई म्हणाली, साहेबांना भेटा, समजावून सांगा. तुम्ही म्हणालात, "मेलेल्यांच्या नावानं पैसे मागत फिरू?" हो बाबा, फिरायचं होतं! ते पैसे मेलेल्यांचे नव्हते, आमचे होते. पण तुम्ही दुसरा तागा आणलात, तिसरा आणलात. फेरीवाल्याकडून कधी फुकट केळंसुद्धा घेतलं नाहीत आणि सरकारला मात्र कापड वाटत राहिलात.

आणि पगार तो किती! हजाराच्या खालीच. त्यातून खोलीचं भाडं, गावी आजीला मनिऑर्डर, रेशनचं पामतेल, रॉकेल. वीस तारखेला आईचा तांदळाचा डबा रिकामा वाजायला लागायचा. ती म्हणायची, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." घोडं म्हणजे तो तागा. पुढे तिनं आरेचं दुधाचं कार्ड शेजारणीला देऊन टाकलं आणि आम्ही कोरा चहा प्यायला लागलो. तुम्ही तो मुकाट प्यायचात. आईला वाटायचं तुम्हाला कळतंय. मला वाटतं तुम्हाला कळत होतं आणि तरी तुम्ही काही करत नव्हतात, हे जास्त वाईट.

मी आठवीत गेले त्या जूनमध्ये फ्रॉक संपून पांढरा ब्लाऊज आणि निळा स्कर्ट आला. स्कर्ट आईनं कुणाचातरी जुना मिळवला. ब्लाऊजच्या कापडाला पैसे नव्हते. मग एका दुपारी तिनं ट्रंक ओढली, तागा काढला, माझ्या अंगाचं माप घेतलं. कापड दोनदा उकळलं, नीळ दिली, शेजारणीच्या मशिनवर शिवलं. कॉलर अशी बसली होती की कुणी म्हणणार नाही घरी शिवलाय. "बाबांना बोलू नको हां," एवढंच म्हणाली. शाळेत पहिल्याच दिवशी शेजारी बसलेली मुलगी माझी बाही चाचपून बघते आणि म्हणते, "ए, कसला गं हा? पिठाची पिशवी शिवलीस काय?" तिचा टेरिकॉटचा होता. बाकावरच्या सगळ्या हसल्या. मी घरी आले तेव्हा तुम्ही पहिली पाळी करून जेवत होतात आणि आई नळावर गेली होती.

ती कळशी घेऊन आत आली तेव्हा तुम्ही उभे होतात, माझी बाही तुमच्या मुठीत. रागात तुमच्या तोंडी गावची मालवणी आली: "मढ्याचा कापड माज्या चेडवाच्या आंगार? तुका काय वाटाक नाय?" आईनं कळशी खाली ठेवली. तुम्ही ब्लाऊज माझ्या अंगावरून काढायला लावलात आणि तिच्यासमोर कॉलरपासून खालपर्यंत फाडलात. मी नुसत्या स्कर्टवर कोपऱ्यात उभी. आई कधी उलट बोलायची नाही, त्या दिवशी बोलली. "महिनोभर पुरतलो इतको पगार आणा, आणि मगे फाडा." तुम्ही तिच्यावर हात उचललात. एकदाच. लोक म्हणतात एकदाच ना, सोडून दे. मी सोडलेलं नाही. ज्या साहेबापुढे तोंड उघडायचं होतं तिथे तुम्ही गप्प बसलात, आणि तिनं तुमची अब्रू झाकत वर्षभर जे चालवलं त्याचं बक्षीस हे.

नवा ब्लाऊज व्हायला तीन आठवडे लागले, तोवर माझी शाळा बंद. त्यात तुकड्या ठरवायची चाचणी बुडाली आणि मी अ तुकडीतून थेट ड मध्ये. वर चढायला दोन वर्षं गेली. आई शर्टांची काजं-बटणं करायला आणू लागली, तिचे डोळे तिथेच गेले. ट्रंकेला तिनं परत हात लावला नाही. तुम्ही पुन्हा नाक्यावरून महागाचे तुकडे घ्यायला लागलात, आता प्रत्येकाची पावती होती, पण त्याही तुम्ही लावल्या नाहीत. खिशात राहायच्या आणि धुण्यात लगदा व्हायच्या. आई तो लगदा नखानं खरवडून काढायची आणि पुन्हा काजांना बसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मी तेव्हा शिकले.

आता मी शाळेत शिकवते. युनिफॉर्म तपासायची वेळ आली की खिडकीबाहेर बघते. मुख्याध्यापिका मला ढिली म्हणतात. तुम्हाला पगार कमी होता, मान्य. रुळांवरची माणसं तुम्ही माणसांसारखी झाकलीत, तेही मान्य, आणि त्याचा मला अभिमान आहे हे कबूल करताना माझा राग आणखी वाढतो. तुमचा चांगुलपणा कुणाच्या जिवावर चालला होता, ते एकदा तरी बघायचं होतंत.

आई अजून आहे. दिसत जवळपास नाही, पण बोलते खूप, तुमच्याबद्दल जास्तच. परवा मी बाजाराची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "त्यांची पोलिसाची नजर. लांबून कापड ओळखलं हो त्यांनी, लपवणार कशी?" इतकी वर्षं ती हेच धरून बसलीय, आणि त्याचंही तिला कौतुक आहे. बाबा, तुम्हाला माहीत आहे, तुम्ही काही ओळखलं नव्हतंत. तुम्ही भात कालवत होतात, मान वर करून "बरा शिवलाय की गो," म्हणालात. मीच म्हटलं, आईनं तुमच्या मढ्यांच्या ताग्यातला शिवलाय. मला टेरिकॉट हवा होता. तुम्ही तिला माझं नाव सांगितलं नाहीत, मरेपर्यंत नाही. मीही नाही. आत्ता ती आतून विचारतेय काय लिहितेस, वाचून दाखव ना. मी म्हटलं, शाळेचं काम आहे.